ऑगस्ट व्होलर : लोखंडाच्या थकव्याचा हिशेब मांडणारा अभियंता

चरित्र म्हटले म्हणजे राजे, सेनापती, संत नाहीतर देशभक्त यांची नावे आपल्या डोळ्यांसमोर येतात. फार तर एखादा डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ. परंतु आपण आगगाडीत बसतो, रात्री निर्धास्त झोपतो आणि सकाळी ठरल्या गावी उतरतो, यामागे ज्यांचे आयुष्य खर्ची पडले त्या माणसांची ओळख आपल्या मुलांना क्वचितच होते. ऑगस्ट व्होलर हे असेच एक नाव आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरियाच्या शोधासंबंधी ज्या व्होलरचे नाव विद्यार्थी वाचतात ते फ्रीडरिख व्होलर. दोघेही जर्मन आणि दोघेही एकाच शतकातील असल्यामुळे घोटाळा होतो. पण आपले व्होलर निराळे. ते रेल्वेचे अभियंता होते.

ऑगस्ट व्होलर यांचा जन्म २२ जून १८१९ रोजी उत्तर जर्मनीतील झोल्टाऊ या लहानशा गावी झाला. हे गाव त्या वेळी हॅनोव्हरच्या राज्यात मोडत असे. वडील शाळामास्तर होते. शाळामास्तरांच्या घरी संपत्ती किती असते हे वाचकांना सांगावयास नको. पण पुस्तके असतात आणि पाढे पाठ करून घेणारा माणूस घरातच असतो. ऑगस्टची गणितातील गती लहानपणीच दिसून आली. पुढे हॅनोव्हर शहरात कार्ल कार्मार्श यांच्या देखरेखीखाली १८३१ साली सुरू झालेल्या उद्योग विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. हेच विद्यालय पुढे वाढून तंत्रविद्यापीठ झाले.

तो काळ कसा होता पाहा. जर्मनीत पहिली आगगाडी १८३५ साली धावली, तेव्हा व्होलर सोळा वर्षांचे होते. म्हणजे ज्या विषयात त्यांना आयुष्य काढावयाचे होते तो विषय त्यांच्याबरोबरच वयात येत होता. शिक्षण संपल्यावर ते बर्लिनच्या बोर्झिग कारखान्यात उमेदवारीला लागले आणि १८४३ साली बेल्जियमला जाऊन त्यांनी इंजिन चालविण्याचे शिक्षण घेतले. तंत्रविद्यालयात शिकलेल्या तरुणाने फायरमनच्या शेजारी उभे राहून, तोंड काळे करून इंजिन हाकण्यास शिकावे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण पुढे त्यांनी जे संशोधन केले ते खुर्चीत बसून सुचण्यासारखे नव्हते.

त्याच्या आदल्याच वर्षी युरोपात एक भयंकर घटना घडली होती. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समधील व्हर्साय येथे राजाच्या सन्मानार्थ उत्सव होता. तो पाहून पॅरिसला परतणाऱ्या लोकांनी खच्चून भरलेली गाडी मदाँ गावाजवळ येताच पुढच्या इंजिनाचा आस मोडला. इंजिन घसरले, मागचे डबे त्यावर चढले आणि भट्टीतील निखाऱ्यांनी लाकडी डब्यांना आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासाहून अधिक माणसे होरपळून मेली. त्यांत द्युमाँ द्युर्व्हिल हे जगप्रसिद्ध दर्यावर्दी होते; दक्षिण ध्रुवाकडील बर्फातून ते सुखरूप परत आले होते.

आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा. आपल्या बैलगाडीलाही तो असतो, पण तेथे आस स्थिर राहतो आणि चाक त्याभोवती फिरते. रेल्वेत चाके आसावर घट्ट बसविलेली असतात आणि आस चाकांबरोबर फिरतो. बैलगाडीचा आस आणि रेल्वेचा आस यांच्या नशिबात जो फरक आहे तो सगळा या फिरण्यात आहे.

तेव्हाच्या अभियंत्यांपुढील कोडे असे होते. मोडलेला आस चांगल्या लोखंडाचा असे. त्यावर जितका भार पडत होता त्याच्या कितीतरी पट भार तो सहज पेलू शकतो, हे कारखान्यातच तपासून घेतलेले असे. तो आस दोन दोन, तीन तीन वर्षे बिनतक्रार काम करी. आणि एके दिवशी, कोणताही मोठा धक्का न बसता, मोडे. मोडलेल्या जागी लोखंड दाणेदार, खडीसाखरेसारखे दिसे. त्यामुळे पुष्कळ जाणत्यांनी असा समज करून घेतला होता की, सततच्या कंपनाने लोखंडाची जातच बदलते आणि त्याचे स्फटिक बनतात. हा समज चुकीचा होता, पण फार दिवस टिकला.

खरा प्रकार समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी बांधकामाची बारीक तार घ्यावी. ती हातांनी ओढून तुटणार नाही. परंतु एकाच जागी इकडून तिकडे वाकवीत राहा. थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतील. जास्त वाकविली तर लवकर तुटते, कमी वाकविली तर उशिरा तुटते. तुटण्याच्या जरा आधी वाकलेली जागा बोटाने चाचपून पाहिली तर ती ऊन लागते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आगगाडीचा आस नेमका असाच वाकत असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. डब्याचे वजन आसाच्या दोन्ही टोकांवर, चाकांच्या बाहेरच्या बाजूस टेकलेले असते. त्यामुळे दोन चाकांमधील भाग किंचित वर फुगतो. त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. चाक अर्धा फेरा फिरले की जी बाजू वर होती ती खाली येते. ताण गेला, दाब आला. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा ताण. हल्लीच्या प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास सुमारे ९१ सेंटिमीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ ३५० फेरे झाले. पाचशे किलोमीटरच्या एका प्रवासात आसाची ही ओढाताण पावणेदोन लाख वेळा होते. त्या बिचाऱ्याला रविवार नाही की दिवाळी-ईदची सुट्टी नाही. धातूच्या या झिजेला पुढे अभियंत्यांनी थकवा असेच नाव दिले, आणि ते मोठे समर्पक आहे.

१८४७ साली व्होलर यांची नेमणूक लोअर सिलेशिया-ब्रँडेनबर्ग रेल्वेवर गाड्या व यंत्रांचे प्रमुख म्हणून झाली. बर्लिनहून ब्रेस्लाऊकडे जाणारा हा लोहमार्ग. ब्रेस्लाऊ आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. रेल्वेचा मोठा कारखाना ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्ट येथे होता. प्रसिद्ध फ्रँकफुर्ट ते वेगळे, ते माइन नदीवर आहे. आस मोडण्याचे प्रकार येथेही चालूच होते. प्रशियाच्या सरकारने त्याची चौकशी व्होलर यांच्याकडे सोपविली.

येथून पुढे त्यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या एखाद्याने अधिक जाड आस घालण्याचा हुकूम काढला असता आणि चौकशी संपविली असती. व्होलर यांनी अगोदर प्रश्न केला की, धावत्या गाडीत आस प्रत्यक्षात किती वाकतो? ते कोणालाच ठाऊक नव्हते. मग त्यांनी स्वतः एक उपकरण तयार केले, डब्याखाली आसाला जोडले आणि गाडी नेहमीच्या मार्गावर सोडली. प्रवासात आसाला आलेला मोठ्यात मोठा वाक त्या उपकरणात नोंदला जाई. या मोजणीची हकीकत त्यांनी १८५८ व १८६० साली बर्लिनच्या बांधकामविषयक नियतकालिकात छापली. त्या हकीकतीत एक शहाणपणाचा हिशेब आहे. रस्त्याने हजारो लहान वाक येतात, पण आसाला खरी इजा मोठ्या वाकांनी होते आणि असा मोठा वाक सरासरीने मैलाला एकदाच येतो, असे त्यांनी धरले. मग आस दोन लाख मैल चालावा अशी अपेक्षा असेल, तर त्याने तेवढा मोठा वाक दोन लाख वेळा सोसला म्हणजे झाले. अनेक वर्षांचा प्रवास काही लाख वाकांत बसविण्याची ही कल्पना म्हणजे धातूचे आयुष्य झटपट तपासण्याच्या सगळ्या पद्धतींची आजी म्हणावयास हरकत नाही.

आता ते वाक द्यावयाचे कसे? त्यासाठी त्यांनी यंत्र बांधले. मध्ये एक फिरता दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना तपासावयाच्या लोखंडाचे नमुने घट्ट बसविलेले आणि प्रत्येक नमुन्याचे मोकळे टोक एका स्प्रिंगने खाली ओढलेले. वाफेच्या इंजिनावरून पट्टा आणून दांडा फिरवावयाचा. स्प्रिंगची ओढ ठरावीक, त्यामुळे ताण ठरावीक. फेरे मोजले जात. नमुना मोडला की आकडा लिहून घ्यावयाचा. यंत्र इतके सोपे आहे की आयटीआयच्या मुलांना त्याची प्रतिकृती करता येईल. अडचण एकच होती. यंत्राची गती मिनिटाला फार तर ७२ फेरे होती.

फिनिक्स नावाच्या कारखान्यातील आसाच्या लोखंडावर त्यांनी केलेल्या प्रयोगांचे आकडे आजही पुस्तकांत छापले जातात. भाराचे माप जुने प्रशियन आहे, त्याची चिंता करू नये. आकड्यांची चाल पाहावी. भार ३२० असताना नमुना ५६,४३० फेऱ्यांत मोडला. ३०० ला ९९,००० फेरे लागले. २८० ला १,८३,१४५. २६० ला ४,७९,४९०. २४० ला ९,०९,८१०. २२० ला ३६,३२,५८८. २०० ला ४९,१७,९९२. १८० ला १,९१,८६,७९१. आणि १६० वर भार आणला तेव्हा १३,२२,५०,००० फेरे झाले तरी नमुना मोडला नाही.

भार निम्मा केला तर आयुष्य दुप्पट व्हावे, असे आपली त्रैराशिकाची बुद्धी सांगते. येथे भार निम्मा झाला आणि आयुष्य दोन हजार पटींहून जास्त वाढले. तेही नमुना शाबूत असताना. व्होलर यांनी हे आकडे कोष्टकात दिले, आलेख काढला नाही. तो आलेख पुढच्या लोकांनी काढला आणि १९३६ साली त्याला व्होलर वक्र हे नाव पडले. दहावीच्या विद्यार्थ्यांनी वरील आकड्यांचा आलेख वहीत काढून पाहावा. साध्या आलेखकागदावर तो मावणार नाही. का मावत नाही ते गणिताच्या शिक्षकांना विचारावे, म्हणजे लॉगॅरिथम कशासाठी शिकावयाचे तेही कळेल.

आणखी एक हिशेब करण्याजोगा आहे. मिनिटाला ७२ फेरे या गतीने रात्रंदिवस यंत्र चालू ठेवले तरी तेरा कोटी बावीस लाख पन्नास हजार फेऱ्यांना साडेतीन वर्षे लागतात. एका नमुन्याला साडेतीन वर्षे! आपल्या गाडीच्या चाकाला एवढे फेरे द्यावयाचे म्हटले तर डबा सुमारे ३ लाख ८० हजार किलोमीटर जाईल. पृथ्वीपासून चंद्र जवळपास तितकाच दूर आहे. आणि नमुना काही एकच नव्हता. वेगवेगळ्या कारखान्यांचे लोखंड, वेगवेगळे पोलाद, वेगवेगळे भार, कधी फिरवून, कधी ओढून, कधी पिळून, असे हे काम दहा वर्षांहून अधिक चालले. त्यांचा शेवटचा मोठा वृत्तांत १८७० साली प्रसिद्ध झाला.

या कामातून जे निष्पन्न झाले ते आज कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविले जाते. एकदा दिलेल्या मोठ्या भाराने जे लोखंड मोडत नाही ते पुनःपुन्हा दिलेल्या लहान भाराने मोडू शकते. कमाल ताण किती आहे यापेक्षा ताण कोठून कोठपर्यंत हेलकावतो, याला अधिक महत्त्व आहे. लोखंड व पोलाद यांना एक मर्यादा असते. त्या मर्यादेखाली भार राहिला तर ते कोट्यवधी वेळा वाकूनही टिकते. आणि आसाची जाडी जेथे एकदम बदलते, तेथील कोपरा तीक्ष्ण ठेवला तर तेथून मोड होते. कोपरा गोलसर केला तर आयुष्य वाढते. ही शेवटची गोष्ट आपल्याकडचा चांगला लेथकामगार न शिकताही जाणतो.

लोखंड आतून थकते म्हणजे काय होते, हे व्होलर यांना दिसले नव्हते. ते १९०३ साली ईविंग व हम्फ्री या इंग्रज संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वारंवारच्या ताणाने धातूच्या कणांत बारीक रेघा उमटतात, रेघांच्या भेगा होतात आणि भेग हळूहळू आत सरकते. शेवटी उरलेला भाग भार सोसण्यास अपुरा पडला की एका क्षणात सारे मोडते.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात व्होलर यांचे प्रयोग मांडले गेले आणि इंग्लंडच्या तांत्रिक पत्रांनी त्यांची दखल घेतली. पुढे त्यांनी रेल्वेसाठी घ्यावयाच्या लोखंडाची प्रतवारी सक्तीची करावी, मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा असाव्यात, असा आग्रह धरला. पोलादाच्या कारखानदारांना हा आग्रह गोड वाटला नसणार हे उघड आहे. १८७४ साली ते अल्सास-लोरेन प्रांताच्या रेल्वेत स्ट्रासबुर्ग येथे संचालक म्हणून गेले. १८८९ साली निवृत्त होऊन हॅनोव्हरला राहू लागले आणि २१ मार्च १९१४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, वारले.

येथे चरित्र संपते, पण कथा संपत नाही. कारण व्होलर यांनी जगापुढे जो प्रश्न ठेवला त्याचे उत्तर मिळविण्यास साडेतीन वर्षे लागत होती आणि कारखान्यांना तितका दम नव्हता. मोटार आली, विमान आले, नवनवे पोलाद निघाले. प्रत्येक पोलादासाठी इतकी वर्षे थांबावयाचे तर पोलाद बाजारात येईपर्यंत मोटारीचा नमुनाच जुना व्हावयाचा. तेव्हा काम लवकर कसे होईल, याचा शोध सुरू झाला.

पहिला मार्ग सरळ होता : यंत्र जोरात फिरवा. केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९११ साली विजेच्या चुंबकाने नमुना मिनिटाला सुमारे ७,००० वेळा ताणणारे यंत्र केले. व्होलर यांची साडेतीन वर्षे तेथे तेरा दिवसांत आटोपली असती. हॉपकिन्सन पुढे १९१८ साली विमान अपघातात गेले. १९५० च्या सुमारास कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिकंपनांनी नमुना सेकंदाला २०,००० वेळा हलविण्याची युक्ती निघाली. या गतीने तेच तेरा कोटी फेरे दोन तासांच्या आत होतात. अर्थात इतक्या घाईत धातू तापतो, म्हणून मध्ये मध्ये थांबून त्याला गार करावे लागते. शिवाय जेथे गंज आणि थकवा हातात हात घालून येतात तेथे ही घाई उपयोगाची नाही. गंजाला चढावयास जो वेळ लागतो तो कोणत्याही यंत्राने कमी होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे भार वाढवीत नेण्याचा. फ्रान्सच्या मार्सेल प्रो यांनी १९४८ मध्ये आणि इटलीच्या लोकाती यांनी १९५५ मध्ये अशा पद्धती सुचविल्या. प्रो यांच्या पद्धतीत नमुना फिरत असताना भार सारखा चढत जातो. लोकाती यांच्या पद्धतीत तो पायरीपायरीने चढतो. शिक्षकाच्या भाषेत सांगावयाचे तर, एकाच विद्यार्थ्याला पहिलीपासून मॅट्रिकपर्यंतचे पेपर ओळीने सोडवावयास द्यावेत आणि तो कोठे अडतो ते पाहून त्याची इयत्ता ठरवावी. वेळ वाचतो यात शंका नाही. मात्र एक गंमत आढळली. काही जातींच्या पोलादावर भार हळूहळू चढवीत गेले तर सरावाने ते पोलाद घट्ट होते आणि आपल्या खऱ्या योग्यतेपेक्षा जास्त गुण मिळविते. अशा गुणांवर विसंबून आस बनविला तर प्रवाशांचे काय होईल? लोकाती यांच्या पद्धतीत आणखी एक अट आहे. त्या जातीच्या धातूचे व्होलर वक्र साधारण कसे असते, हे आधी माहीत असावे लागते. त्यावाचून हिशेब जुळत नाही. म्हणजे घाईचा रस्तासुद्धा शेवटी त्या जुन्या कोष्टकावरूनच जातो.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, आणि त्यासाठीच मघा ऊन लागणारी तार लक्षात ठेवण्यास सांगितले होते. मँचेस्टरचे अभियंता स्ट्रोमेयर यांनी फिरत्या नमुन्यातून निघणारी उष्णता मोजली. भार मर्यादेच्या खाली असेल तर नमुना फारसा तापत नाही. मर्यादा ओलांडली की उष्णता झपाट्याने वाढू लागते. नमुना मोडण्याची वाट न पाहता, तो कोणत्या भाराला तापू लागतो एवढे पाहिले की मर्यादेचा अंदाज काही तासांत येतो. स्ट्रोमेयर यांचा हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला तो १९१४ सालीच, म्हणजे व्होलर यांच्या मृत्यूच्या वर्षी. त्या काळी उष्णता इतकी बारकाईने मोजणे अवघड असल्यामुळे ही पद्धत मागे पडली. १९८० नंतरच्या दशकांत उष्णतेची छायाचित्रे घेणारे कॅमेरे प्रयोगशाळांत आले आणि इटली व फ्रान्समधील संशोधकांनी ती पुन्हा वर काढली. आज नमुन्याला हात न लावता, दुरून कॅमेरा रोखून, त्याला ताप कोठे चढतो हे पडद्यावर पाहता येते. वैद्याने नाडी पाहावी तसाच हा प्रकार आहे. परंतु या मार्गानेही आलेला आकडा खरा की खोटा, हे ठरवावयाचे झाले म्हणजे काही नमुने जुन्या रीतीने मोडेपर्यंत फिरवावेच लागतात.

घाई न केल्याने काय होते, याचाही दाखला इतिहासात आहे. १९५४ च्या जानेवारीत व एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने इटलीजवळच्या समुद्रात कोसळली. ही जगातील पहिली जेट प्रवासी विमाने. कारण कळेना, तेव्हा इंग्लंडमधील फार्नबरो येथे त्याच जातीचे एक आख्खे विमान पाण्याच्या टाकीत बसविण्यात आले आणि आतील दाब वाढवीत-उतरवीत त्याला काही मिनिटांत एक या गतीने खोटी उड्डाणे घडविण्यात आली. खरी व खोटी मिळून सुमारे तीन हजार उड्डाणे होताच पत्रा फाटला. खिडकीच्या कोपऱ्याजवळून भेग गेली होती. कोपऱ्यांविषयी व्होलर यांनी ८० वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

आपल्या भागाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यातील जुन्या लोकांना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. अडीच फुटांच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि येडशी, ढोकी या बाजूने १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. ती उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी गाड्यांची सारी रचना एका आकड्याभोवती केली होती : एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यावयाचा नाही. रूळ हलके, पूल हलके, म्हणून भार बांधून घेतलेला. आता तेथे रुंद रूळ आले. २००८ पर्यंत लातूर, धाराशिव, कुर्डुवाडी हा सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि शेजारच्या लातूरला रेल्वे डब्यांचा कारखानाही उभा राहिला. भार वाढले, वेग वाढले, पण डब्याखालचा आस व्होलर यांच्या वेळी जसा उलटसुलट वाकत होता तसाच आजही वाकतो. म्हणून रेल्वेच्या कारखान्यांत आसांची ध्वनिलहरींनी तपासणी करतात. आत भेग असली तर लहर तेथून परत फिरते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये मोटारींचे सुटे भाग यंत्रावर चढवून थकविले जातात. यंत्रशास्त्राची पदविका वा पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींना या क्षेत्रात काम आहे, हे पालकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

व्होलर यांच्या कोष्टकातील शेवटचा नमुना मोडला नाही, हे वर आलेच आहे. त्यावरून बराच काळ असे मानले गेले की एक कोटी फेरे टिकलेले पोलाद कायमचे टिकते. गेल्या काही दशकांत, विशेषतः जपान व फ्रान्समध्ये, फार कठीण पोलादाचे नमुने दहा कोटी फेऱ्यांनंतरही मोडताना आढळले. भेग वरून न सुरू होता आतील एखाद्या सूक्ष्म कणापासून सुरू झालेली होती. वेगवान गाड्यांचे आणि इंजिनांचे काही भाग आपल्या आयुष्यात इतके फेरे घेतात, त्यामुळे आता शंभर कोटी फेऱ्यांपर्यंत चाचण्या चालतात. व्होलर यांच्या यंत्रावर एवढ्या फेऱ्यांना सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागला असता. ध्वनिकंपनांच्या यंत्रावर, गार करण्याचा वेळ सोडला तर, सुमारे चौदा तास लागतात.